आधी जिना मोजा, मग दुर्बीण निवडा

*पत्र:* गेली दोन वर्षं तारे ओळखायचा नाद लागलाय. मृग, व्याध, सप्तर्षी, वृश्चिक आता नकाशा न बघता सापडतात. दुर्बीण घ्यावीशी वाटते. घर तिसऱ्या मजल्यावर, गच्ची पाचव्या मजल्यावर. लिफ्ट नाही, गाडीही नाही. महिन्यातून एकदा बसने शहराबाहेर अंधाऱ्या ठिकाणी जाते, तेव्हा सोबत नेता आली तर हवीच आहे. बजेट एका साध्या मोबाइलएवढं. तेवढ्यात ६७५ पट मोठं दाखवणारी ६० मिमीची दुर्बीण मिळतेय, खोक्यावर रंगीत तेजोमेघांचे फोटो आहेत. मावसभाऊ म्हणतो, घ्यायची तर एकदाच मोठी घे, मोटारवाली. मला लांबचा चष्मा आहे, त्यात सिलिंडरचा नंबरही आहे. काय घेऊ? आणि आळस आला तर खोलीच्या खिडकीतून बघितलेलं चालतं का? – चष्मेवाली

*उत्तर:* नमस्कार. तुमच्या पत्रात बजेट आहे, चष्मा आहे, मावसभाऊ आहे. पण दुर्बीण कोणती घ्यायची हे ठरवणारा मजकूर एका ओळीत येऊन गेलाय. तिसरा मजला, पाचव्यावर गच्ची, लिफ्ट नाही. बहुतेक लोक हे दुर्बीण घरात येऊन पडल्यावर सांगतात. तुम्ही आधीच सांगितलंत, अर्धं काम झालं.

मी माझी पहिली मोठी दुर्बीण घेतली तेव्हा जिना मोजला नव्हता. २०० मिमी व्यासाचा आरसा, जवळपास मीटरभर नळी, खाली विषुववृत्तीय स्टँड आणि तोल सांभाळायला लोखंडी वजनं. एक खेप नळीची, दुसरी स्टँडची, तिसरी वजनांची आणि आयपीसच्या, म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या सुट्या भिंगांच्या पेटीची. तिसऱ्या खेपेला धापा टाकत वर पोहोचावं तर गुरूवर ढग आलेला असायचा. मग मध्यरात्री पुन्हा तीन खेपा खाली, शेजाऱ्यांच्या दारावर नळी आपटणार नाही अशा बेताने. पहिल्या महिन्यात आठ वेळा वर गेलो, दुसऱ्या महिन्यात तीनदा. पुढे त्या स्टँडवर टॉवेल वाळू लागले. शेवटी विकली, तेव्हा घेणाऱ्याला मीच आधी विचारलं, “तळमजल्यावर राहता ना?”

दुर्बिणीत काही खोट नव्हती. तिच्यातून दिसायचं ते अजून आठवतं. पण ती माझ्या जिन्याची नव्हती.

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी एकच अट सांगतो: दुर्बीण एका खेपेत वर गेली पाहिजे. एका हातात दुर्बीण, खांद्याला आयपीस-टॉर्चची पिशवी आणि दुसरा हात कठड्याला मोकळा. या अटीत बसणाऱ्यांपैकी सगळ्यात मोठ्या व्यासाची घ्यायची. तुमच्या बाबतीत ती म्हणजे ११४ किंवा १३० मिमी आरशाची टेबलटॉप डॉब्सोनियन. वजन साधारण पाच-सहा किलो, जोडाजोडी जवळपास नाही, स्टुलावर ठेवली की तयार. आता हेच का, ते सांगतो. कारण समजलं नाही तर दुकानात गेल्यावर ते खोकं पुन्हा खुणावेल.

आधी त्या ६७५ चा निकाल लावू. दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे नळीवर अवलंबून नसतं, आयपीस बदलला की तो आकडा बदलतो. नळीची फोकल लेंथ (भिंग किंवा आरशापासून उजेड जिथे एकवटतो तिथवरचं अंतर) भागिले आयपीसची फोकल लेंथ, एवढंच गणित. अशा खोक्यांतली ६० मिमीची दुर्बीण बहुधा ९०० मिमी फोकल लेंथची असते, सोबत ४ मिमीचा आयपीस असतो. ९०० भागिले ४ म्हणजे २२५. त्यात तिप्पट करणारं बार्लो भिंग घातलं की ६७५. गणितात चूक नाही, म्हणून कुणाला खोटंही म्हणता येत नाही. पण दुर्बिणीला तेवढा उजेड मिळतो कुठून? व्यवहारातली मर्यादा अशी की व्यास जितके मिमी, त्याच्या दुपटीपर्यंत आकार वाढवण्यात अर्थ असतो. ६० मिमीला १२०. त्यापुढे चित्र फक्त फुगतं. पुसटही होतं आणि काळवंडतंही, आणि भरीला लटपटत्या स्टँडवर चंद्र जेलीसारखा हलत राहतो. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे २० पट दाखवणाऱ्या दुर्बिणीतून. २० पटींत माणसाने विश्वाची मांडणी बदलली, आणि आपल्याला ६७५ हवेत!

मोजायचा तो व्यास. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली जेमतेम ७ मिमी उघडते. ७० मिमीचं भिंग तिच्या १०० पट उजेड गोळा करतं, १३० मिमीचा आरसा जवळपास ३४५ पट. व्यास दुप्पट झाला की उजेड चौपट, कारण इथे क्षेत्रफळाचा हिशेब असतो. त्या खोक्यातल्या ६० मिमीच्या तुलनेत १३० मिमीचा आरसा साडेचार पटींहून जास्त उजेड देईल. बारीक तपशीलही व्यासावरच ठरतो. जवळजवळचे दोन तारे वेगळे दिसणार की एकच ठिपका, हे आयपीसच्या हातात नसतं.

मग भिंग की आरसा? त्याच पैशांत आरसा मोठा मिळतो. चांगल्या भिंगाच्या दोन काचांना मिळून चार पृष्ठभाग घासावे लागतात, आरशाला एकच. शिवाय स्वस्त भिंगातून चंद्राच्या किंवा शुक्राच्या कडेला जांभळट झालर दिसते, कारण वेगवेगळे रंग एका जागी एकवटत नाहीत. आरशाला हा आजार नाही. न्यूटनने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली ती याच झालरीला वैतागून.

आणि डॉब्सोनियन म्हणजे काय, तर आरशाची दुर्बीण आणि खाली तिपाईऐवजी लाकडी खोका. वर-खाली आणि डावी-उजवीकडे हाताने ढकलायची, बास. याच्यामागची गोष्ट मला फार आवडते. जॉन डॉब्सन हा अमेरिकेत, कॅलिफोर्नियात वेदांत सोसायटीच्या मठात संन्यासी होता. १९४४ पासून तेवीस वर्षं. जहाजाच्या गोल खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करायचा, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवूड वापरायचा, आणि रात्री मठाबाहेर पडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायचा. १९६७ मध्ये मठाने त्याला निरोप दिला. मग तो फुटपाथवरच दुर्बीण घेऊन उभा राहिला आणि पुढच्या वर्षी फुटपाथवरच्या खगोलप्रेमींची संघटनाच काढली. दुर्बिणीचे पैसे स्टँडवर न घालवता आरशावर घालवावेत, ही त्याची युक्ती. आज तुमच्या बजेटला जे परवडतंय ते बरंचसं त्या संन्याशामुळे.

त्याच खोक्याचं लहान रूप म्हणजे टेबलटॉप. १३० मिमीच्या काही दुर्बिणींची नळी दोन दांड्यांवर सरकून निम्मी होते. स्काय-वॉचरची हेरिटेज १३०पी ही त्यातली ओळखीची, फोकल लेंथ ६५० मिमी; म्हणजे २५ मिमीच्या आयपीसने २६ पट, १० मिमीच्याने ६५ पट. पुढचे आकडे तिचेच. अशा उघड्या नळीत बाजूच्या दिव्यांचा उजेड शिरतो, म्हणून काळ्या जाड कागदाचा किंवा पातळ फोमचा पट्टा भोवती गुंडाळायचा. दहा मिनिटांचं काम. ११४ मिमीच्या बंद नळीला तो उपद्व्याप लागत नाही. दोन्हींत मला निवडायला सांगितलं तर मी १३० घेईन, पण ११४ हाताशी आली आणि पैसे वाचले तर हळहळू नका.

टेबलटॉपची खरी अडचण टेबलाचीच आहे. दुकानात ती टेबलावर रुबाबात बसलेली असते. गच्चीवर टेबल कुठलं? जमिनीवर ठेवली तर पोटावर झोपून बघावं लागेल. गुडघ्याच्या थोडं वर येईल असं घट्ट, न डुगडुगणारं लाकडी स्टूल पाहिजे, आणि स्वतःला बसायला दुसरं. प्लॅस्टिकचं नको, ६५ पटीत प्लॅस्टिकचा पाय लवतो तोही दिसतो. ही स्टुलं म्हणजे आणखी एक खेप झाली, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. ती गच्चीवरच ठेवून द्या, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला.

आता बस. १३० ची टेबलटॉप दुमडून मोठ्या पाठपिशवीत बसते, पण खोक्यासकट मांडीवर घेऊन दोन-तीन तास प्रवास करणं हे उत्साहाच्या पहिल्या वर्षातलं काम आहे. माझं मत असं: महिन्यातल्या एका रात्रीसाठी उरलेल्या एकोणतीस रात्रींची दुर्बीण लहान करू नका. बसने जाताना बायनॉक्युलर न्या. १०×५० किंवा ७×५०, म्हणजे १० किंवा ७ पट आणि ५० मिमी भिंगं. शहराबाहेरच्या काळ्या आकाशात आकाशगंगेचा पट्टा बायनॉक्युलरइतका सुंदर कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही, कारण एका नजरेत सहा-सात अंश आकाश मावतं. वृश्चिकाच्या शेपटीपासून वर सरकत जा, नुसतं भटकत राहा, तारकागुच्छांमागून तारकागुच्छ येतात. बजेटमध्ये दोन्ही बसत नसतील तर बायनॉक्युलर कुणाचा तरी उसना मिळतो. दुर्बीण सहसा मिळत नाही.

पण तुम्ही परत लिहिलंत की “गच्चीवर चारी बाजूंनी दिवे आहेत, मी बघणार ते बसने जाऊनच”, तर माझं उत्तर बदलेल. मग ७० ते ८० मिमी व्यासाची, आखूड नळीची भिंगाची दुर्बीण घ्या. नळी पाठपिशवीत राहते. जांभळी झालर सहन करायची. मात्र तिच्यासोबत येणारी हलकी तिपाई बहुतेक वेळा नावालाच असते. चांगली तिपाई वेगळी घ्यायची तयारी ठेवा. नळीवर खर्च आणि तिपाईवर काटकसर, ही चूक जवळपास सगळेच करतात. आखूड नळीत उंच पट गाठायला जाऊ नका, ४०-५० पटीपर्यंत ती खुशीत असते.

दिसेल काय? खोक्यावरचे फोटो विसरा, ते तासन्‌तास उजेड साठवून काढलेले असतात. डोळा साठवत नाही. मंद उजेडात त्याला रंगही जवळपास कळत नाहीत, म्हणून तेजोमेघ राखाडी दिसतात. हे आधी माहीत नसलेल्या माणसाची पहिली रात्र वाईट जाते.

माहीत असलं की मात्र गंमत आहे. चंद्रापासून सुरुवात करा, आणि पौर्णिमेला करू नका. पौर्णिमेचा चंद्र सपाट असतो, सावल्याच नसतात. पंचमी ते दशमीच्या दरम्यान बघा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उभ्या राहिलेल्या दिसतात, तळाशी काळी शाई भरल्यासारखी सावली, आणि कधी अंधारात एखादंच शिखर ठिणगीसारखं चमकत असतं. तासाभराने पुन्हा बघितलं तर त्या शिखराच्या शेजारी दुसरं उजळलेलं असतं. कोपर्निकस हे विवर ९३ किलोमीटर रुंद आहे. नवमी-दशमीच्या सुमारास त्याच्या भिंतींच्या पायऱ्यासुद्धा १३० मिमीमधून दिसतात. चंद्र बघणं म्हणजे नवशिक्यांचा खेळ, असं कुणी म्हणालं तर खुशाल म्हणू दे.

गुरूचे चार चंद्र २६ पटीतच एका ओळीत दिसतील, पट्टे ६५ पटीत. आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, त्यामुळे संध्याकाळी पाहिलेली मांडणी मध्यरात्री बदललेली असते. वहीत चार ठिपके काढून ठेवा. शनीची कडी पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास म्हणतो, “आत चित्र चिकटवलंय का?” २६ पटीत शनी लांबट तांदळासारखा दिसतो, ६५ ला कडी सुटी होते. मार्च २०२५ मध्ये कडी पृथ्वीकडे कड करून होती, म्हणून रेघेसारखी दिसत होती. साधारण पंधरा वर्षांनी असं होतं. आता ती वर्षागणिक उघडत जाईल, तेव्हा तुमची वेळ चांगली आहे. मंगळाकडून फार अपेक्षा ठेवू नका. साधारण २६ महिन्यांनी जवळ येतो तेव्हा बघा. एरवी तो तांबूस मणीच.

शहरातून चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांचं दिव्यांमुळे फारसं बिघडत नाही. सप्तर्षीतला वसिष्ठ आणि त्याला खेटून अरुंधती तुम्ही डोळ्यांनी पाहिली असेलच. दुर्बीण वसिष्ठावर लावा: वसिष्ठच दोन निघतात. एवढ्यासाठी मी पाहुण्यांना गच्चीवर नेतो. हंसाच्या चोचीतला तारा असाच फुटतो, एक सोनेरी आणि एक निळा, आणि इथे रंग खरोखर दिसतात. कृत्तिका २६ पटीत पूर्ण मावतात, काळ्या मखमलीवर हिरे सांडल्यासारख्या. मृगाच्या पट्ट्याखालचा तेजोमेघ शहरातूनसुद्धा धुरकट पंख्यासारखा दिसतो आणि पट वाढवली की त्याच्या पोटात चार लहान तारे मिळतात. १३०० वर्षांपेक्षा जुना उजेड आहे तो. देवयानीतल्या दीर्घिकेसाठी मात्र बस पकडाच. २५ लाख प्रकाशवर्षं लांबून आलेला तो डाग शहरात जेमतेम ओळखू येतो.

चष्म्याचं. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असता तर सांगितलं असतं, चष्मा काढा आणि फोकसचं चाक फिरवा, प्रश्न मिटला. सिलिंडरचा नंबर फोकसने जात नाही. पण इथेही हिशेब आहे. आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी म्हणजे व्यास भागिले पट. १३० भागिले २६ म्हणजे ५ मिमी. हा झोत डोळ्याची बरीचशी बाहुली व्यापतो, त्यामुळे डोळ्याचा दोष दिसतो, तारे थोडे लांबट वाटतात. १३० भागिले ६५ म्हणजे २ मिमी; उजेड बाहुलीच्या लहानशा भागातून जातो आणि दोष फारसा जाणवत नाही. म्हणजे ग्रह बघताना चष्मा काढा, कृत्तिका बघताना ठेवा. चष्मा ठेवायचा तर डोळा भिंगापासून १५-२० मिमी लांब राहूनही पूर्ण चित्र दिसेल असा आयपीस लागतो. सोबत येणाऱ्या आयपीसमधून कदाचित कडा कापल्या जातील. आधी तसंच बघा. खटकलंच तर पहिला जास्तीचा खर्च तिथे करा. त्याआधी बार्लो, फिल्टर, फोनचं होल्डर असलं काही घेऊ नका.

मावसभावाची मोटार. ठरावीक पैशांत मोटार आली की आरसा लहान होतो, कारण पैसे तेच आहेत. मोटारवाल्या दुर्बिणीला आधी दोन-तीन तारे दाखवून ती कुठे उभी आहे हे शिकवावं लागतं, वर बॅटरी. जिला मृग नकाशा न बघता सापडतो तिला हे कशाला? फोनचा कॅमेरा आकाश बघून दिशा सांगतो अशा काही दुर्बिणी आल्या आहेत, त्या बऱ्या आहेत; ढकलायचं काम आपलंच राहतं. आणि आयपीसच नसलेल्या, आपोआप फोटो काढून फोनवर पाठवणाऱ्या स्मार्ट दुर्बिणी हा वेगळाच छंद आहे. फोटो सुरेख येतात. पण मग पाचव्या मजल्यावर कशाला चढायचं, हा माझा जुनाट प्रश्न.

विकत घेताना चार गोष्टी तपासा. आयपीसची नळी सव्वा इंची, म्हणजे ३१.७ मिमी असावी. त्याहून बारीक म्हणजे जवळपास इंचभर जाडीची असेल तर परत ठेवा, पुढे चांगले आयपीस बसणार नाहीत. सोबत २५ आणि १० मिमीच्या आसपासचे दोन आयपीस हवेत. आरसा पॅराबोलिक, म्हणजे सगळा उजेड एकाच जागी आणणाऱ्या आकाराचा आहे का ते विचारा. ७६ मिमीच्या खेळण्यासारख्या टेबलटॉपमध्ये तो सहसा गोलाकार असतो, आणि आखूड नळीत गोलाकार आरसा कधी नीट फोकसला येत नाही. आणि एक सापळा आहे. आरशाची दुर्बीण, फोकल लेंथ १००० मिमी लिहिलेली आणि नळी मात्र अर्ध्या मीटरची. हा जादूचा खेळ फोकसरमध्ये एक जास्तीचं भिंग बसवून केलेला असतो. स्वस्तात ते भिंग सुमार असतं आणि आरसे जुळवताना डोकं उठतं. (मॅक्सुटोव्ह नावाचा आखूड, जाड डबा वेगळा, तो खरोखर असाच असतो आणि ग्रहांसाठी छान असतो. पण त्यात एका वेळी आकाशाचा छोटासा तुकडा दिसतो आणि त्याच पैशांत व्यास कमी मिळतो.)

जुनी मिळाली तर जरूर बघा. आरशावर थोडी धूळ असली तरी चालते, उगाच पुसायला जाऊ नका. चांदीसारखा थर सोलून पांढुरके डाग पडले असतील तर सोडा.

आरसे जुळवणं, ज्याला कोलिमेशन म्हणतात, त्याची धास्ती घातली जाते. जिन्यावरून नेताना आरसा किंचित हलतो हे खरं. मधोमध बारीक भोक पाडलेलं एक झाकण फोकसरवर लावायचं, आत बघायचं, तीन स्क्रूंनी आरशावरचा ठिपका मध्यावर आणायचा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल आणि मला शिव्या द्याल, दहाव्यांदा दोन मिनिटं.

फाइंडर, म्हणजे नळीवरचं लाल ठिपका दाखवणारं नेम धरायचं साधन, दिवसाच लावून घ्या. लांबचा टॉवर किंवा झाडाचा शेंडा दुर्बिणीत मध्यावर आणा, मग फाइंडरमधला लाल ठिपका त्यावर आणा. सूर्य असेल त्या बाजूला हे अजिबात करू नका. सूर्यावर दुर्बीण कधीच नाही, क्षणभरही नाही. डोळा जातो आणि दुखतसुद्धा नाही, म्हणून कळत नाही. आयपीसला लावायचे सूर्याचे फिल्टर कुठे मिळाले तर फेकून द्या, ते तापून तडकतात. सूर्य बघायचाच तर नळीच्या तोंडावर पूर्ण बसणारा सौर फिल्टरच लागतो, आणि तो आत्ता तुमच्या यादीत नको.

रात्री वर गेल्यावर दुर्बीण अर्धा तास तशीच राहू द्या. घरातली ऊब आरशात असते तोवर चित्र उकळत्या पाण्यासारखं हलतं. तेवढ्यात तुमचे डोळेही अंधाराला सरावतात. त्यांनाही वीस-तीस मिनिटं लागतातच. फोन खिशात. नकाशाला उजेड हवा तर टॉर्चवर लाल कागद. स्टेलॅरियम हे आकाशाच्या नकाशाचं ॲप वापरत असाल तर त्यात रात्रीचा लाल पडदा चालू करा.

नेहमी २५ मिमीपासून सुरुवात, वस्तू मध्यावर आणून मगच १० मिमी. ग्रह मिनिटा-मिनिटाला सरकत जातो, ते पृथ्वीचं फिरणं आहे. ६५ पटीत मध्यावरून काठावर जायला दीडेक मिनिट. बोटाने हलकेच ढकलायचं. दोन संध्याकाळीत हाताला सवय होते, आणि मोटारीचा प्रश्न तिथेच संपतो.

ता. क. खिडकीचं राहिलं. काचेतून नाही. खिडकीची काच दुर्बिणीच्या भिंगासारखी घासलेली नसते, ६५ पटीत शनी दुहेरी दिसतो. काच उघडली तरी खोलीची गरम हवा बाहेर धावते आणि तीच चित्र हलवते. अगदीच वर जायचं जिवावर आलं तर दिवे मालवून, दार अर्धा तास उघडं ठेवून बाल्कनीतून चंद्र बघता येईल, पण दुर्बीण कठड्यावर ठेवू नका. आणि स्टूल तेव्हा गच्चीवर असेल.